मैदानात जीन झाली नाही, त्याची हकिगत

मी धारची. देवासला सून म्हणून आले तेव्हा पहिले कित्येक दिवस मला एक साधी गोष्ट उमगत नव्हती: मी नक्की राहते कुणाच्या राज्यात?

धारला हा प्रश्न कुणाला पडत नसे. तिथं एक महाराज, एक दरबार, एक कोतवाली. देवासला सगळं जोडीनं. दोन महाराज, दोन वाडे, दोन कचेऱ्या, दोन तुरुंग, दोन हत्तीखाने. फार पूर्वी दोघा भावांनी मुलूख वाटून घेतला, त्यातून थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थानं झाली, आणि वाटणी अशी चोख की आमच्या रस्त्याची एक बाजू थोरल्या पातीची नि दुसरी धाकट्या पातीची. आमचं घर थोरल्या पातीत, समोरचं धाकट्या. सासूबाईंनी विरजण आणायला समोर पाठवलं की मी परराज्यात जाऊन येत असे.

मामंजी, म्हणजे माझे सासरे, थोरल्या पातीच्या महसूल खात्यात अधिकारी होते. समोरचे काका धाकट्या पातीच्या महसूल खात्यात, त्याच हुद्द्यावर. दोघांची मैत्री दाट. संध्याकाळी कचेऱ्या सुटल्या की दोघं खांद्यावर उपरणी टाकून मैदानात फिरायला जात. रस्त्यानं जाताना मात्र दोघंही आपापली पाती सोडत नसत. मध्ये हातभर अंतर ठेवून, तोंडानं अखंड बोलत, दोन राज्यांतून दोघं चालत जात.

हे मैदान रस्त्याच्या टोकाला, देवीच्या टेकडीच्या पायथ्याशी होतं. सकाळी दोन्ही पात्यांचे हत्ती तिथं हिंडायला येत, दुपारी गुरं निंबाखाली रवंथ करीत बसत. चैत्र-वैशाखात आम्हा बायकांचं वाळवण तिथंच पडे, कारण घराच्या छपरांवर माकडांचं राज्य होतं आणि ती कुठलीही पाती मानत नसत. दुपारी पुरुषमंडळी कचेरीत गेली की ते मैदान आमचं. घरात मी डोईवरचा पदर घट्ट धरून असे. मामंजींच्या पुढं तर मी एक शब्द कधी बोलले नव्हते. मैदानात पदर खांद्यावर येई, आवाज सुटे. पश्चिमेकडे बघितलं की तिकडे धार आहे असं वाटून बरं वाटे. इकडची स्वारी तेव्हा इंदुरास नोकरीला, महिन्यामहिन्यानं येणार. तेवढं मोठं आभाळ मला सासरी दुसरीकडे कुठं मिळत नव्हतं.

रस्त्यातली हद्द मैदानापर्यंत नीट यायची आणि पुढं गवतात हरवायची. कुणी म्हणे ती विहिरीवरून जाते, कुणी म्हणे पडलेल्या चिंचेच्या खोडावरून. गवताचं कुणाला काय पडलेलं? त्यामुळे कुणी कधी विचारलं नाही.

एका सकाळी आमच्या ओसरीवर एक शेठजी येऊन बसले. परगावचे, गोल चेहऱ्याचे, फार गोड बोलणारे. त्यांना देवासला कापसाची जीन घालायची होती, म्हणजे कपाशीतून सरकी वेगळी काढायचा वाफेचा कारखाना. आणि जागा हवी होती ती मैदानाची. गावाला लागून, रस्त्यावर, सपाट. मी आत दाराआड पोहे परतत होते, सासूबाई माझ्या शेजारी कान देऊन उभ्या.

"राव साब," शेठजी म्हणाले, "ऐसी चिमनी खड़ी करूँगा कि टेकरी छोटी दिखेगी. और भोंगा ऐसा बजेगा कि उज्जैन तक सुनाई देगा."

मामंजींना हे फार आवडलं. थोरल्या पातीत भोंगा आणि धाकट्या पातीत काहीच नाही, ही कल्पनाच त्यांना गोड वाटली असावी. "दरबारला मी कळवतो," ते म्हणाले, "हरकत येऊ नये."

शेठजी गेल्यावर सासूबाईंनी पोह्यांची रिकामी बशी उचलता उचलता विचारलं, "धूर कुठं जाणार म्हणे त्याचा?"

"वारा नेईल तिकडे. बहुधा समोर. धाकट्या पातीत."

"आणि कुरडया?"

"कुरडयांचा इथं काय संबंध?"

सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्या गप्प राहिल्या की घरात काहीतरी घडणार, एवढं मला तोवर समजलं होतं.

दुपारी मैदानात समोरच्या काकू भेटल्या. शेठजी आमच्याकडून उठून थेट त्यांच्या ओसरीवर गेले होते आणि तेच बोलले होते. काकांनाही भोंगा फार आवडला होता. दोघींनी निंबाखाली बसकण मारली. मी मिरच्यांपाशी काठी घेऊन गुरं हाकलीत होते, पण कान तिकडेच.

"आपण नको म्हटलं तर ऐकतील?" काकू म्हणाल्या.

"कधी ऐकलंय?" सासूबाई म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, "ज्या जागेवर तंटा आहे, त्या जागेवर बांधकाम होत नाही ना? आमच्याकडे हे सारखे सांगत असतात. तंट्याच्या जमिनीला हात लावायचा नाही, निकाल लागेपर्यंत."

"पण मैदानाचा तंटा नाहीये."

"नाहीये," सासूबाई म्हणाल्या.

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. काकू फार धार्मिक, खोटं बोलायचं नाही असा त्यांचा नेम. सासूबाईंना ते ठाऊक होतं. त्यांनी पदर नीट केला, ताठ बसल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "काकू, हे मैदान सगळं थोरल्या पातीचं आहे बरं."

काकूंना क्षणभर समजेना. मग त्यांचा चेहरा उजळला. "छे हो! सगळं धाकट्या पातीचं. अगदी टेकडीपर्यंत."

"झालं तर मग," सासूबाई म्हणाल्या, आणि दोघी उठल्या.

त्या रात्रीच्या जेवणात सासूबाईंनी मामंजींना भात वाढता वाढता सांगितलं, "समोरच्या काकू आज म्हणत होत्या, मैदान सगळं धाकट्या पातीचं. माझ्या तोंडावर म्हणाल्या हो." यात एक अक्षर खोटं नव्हतं. रस्त्यापलीकडे त्याच वेळी काकू काकांना तितकंच खरं सांगत असणार.

मामंजींचा घास हातातच राहिला. "टेकडीपर्यंत?"

"टेकडीपर्यंत."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोघं मित्र फिरायला निघाले ते एकमेकांशी न बोलता. तिसऱ्या दिवशी निघालेच नाहीत. मग मामंजी मैदानाच्या एका टोकानं फिरू लागले, काका दुसऱ्या. मध्येच दोघं समोरासमोर यायचे, तेव्हा दोघंही एकदम टेकडीच्या देवीला नमस्कार करीत, म्हणजे एकमेकांकडे बघायला नको.

पुढचं सगळं सासूबाईंच्याही हाताबाहेर गेलं. थोरल्या पातीनं मोजणीची साखळी पाठवली. ती मोजून होते न होते तो धाकट्या पातीची साखळी आली, आणि दोन साखळ्यांचं माप जुळेना. म्हाताऱ्यांच्या साक्षी झाल्या. एक आजोबा सांगत की हद्द विहिरीवरून जाते, पण कुठल्या विहिरीवरून विचारलं तर बुजलेल्या विहिरीवरून म्हणत, आणि ती कुठं होती ते त्यांना आठवत नसे. बकऱ्या चारणाऱ्या एका माळवी बाईला काकांनी फार प्रेमानं विचारलं, "बाई, तुम इतने बरस से इधर हो, सीमा किधर है?" ती म्हणाली, "म्हारी बकरी तो दोई पाती को चारो खावे, उणके पूछो."

तंट्याच्या जागी पहारा हवा म्हणून दोन्हीकडून एकेक शिपाई आला. पहिल्या दिवशी ते तोंडं फिरवून उभे. वैशाखातलं ऊन, सावलीचं झाड एकच. थोड्या वेळानं आमचा शिपाई म्हणाला, "भिया, तू तेरी तरफ बैठ, मैं मेरी तरफ." दोघं निंबाच्या बुंध्याला पाठी टेकून बसले, आणि आठवडा संपायच्या आत त्यांनी जमिनीवर घरं आखून सोंगट्या मांडल्या.

शेठजी बिचारे एका ओसरीवरून दुसऱ्या ओसरीवर येरझारा घालीत. आंब्याच्या करंड्या दोन्हीकडे सारख्या जात. माझ्या मनात त्यांच्याविषयी राग होता, पण त्यांचा घाम बघून दयाही येई. त्यांनी हुशारीनं एक तोड काढली. बॉयलर थोरल्या पातीत बसवू, जिनाचे चरखे धाकट्या पातीत, मध्ये नुसता पट्टा फिरेल. म्हणजे कारखाना दोघांचा.

यावर दोन्ही बाजूंची बैठक मैदानातच, निंबाखाली, दोन वेगळ्या सतरंज्या टाकून झाली. आम्ही बायका लांब पापड उलटीत बसलो होतो.

काकांनी सुरुवात केली. "कपाशी एका पातीतून दुसऱ्या पातीत गेली की जकात लागते. तेव्हा कारखान्यात नाका ठेवावा लागेल."

"कारखाने में नाका?" शेठजी म्हणाले.

"आणि सरकी परत आली की पुन्हा," मामंजी म्हणाले. कित्येक दिवसांनी त्यांचं काकांशी एकमत झालं होतं.

शेठजींनी तेही कबूल केलं. मग भोंग्याचा प्रश्न निघाला. देवासला दोन्ही वाड्यांवर तासाचे ठोके पडत, पण धाकट्या पातीचे बारा थोरल्या पातीच्या बारांनंतर जरा रेंगाळत वाजत. जेवणाच्या सुटीचा भोंगा कुणाच्या बाराला वाजवायचा?

"वाफ आमच्या पातीत होणार," मामंजी म्हणाले.

"मजूर आमच्या पातीत उपाशी राहणार," काका म्हणाले.

"दो बार बजा देंगे!" शेठजी जवळजवळ रडकुंडीला आले.

"आधी कुणाचा?" दोघं एकदम म्हणाले.

सासूबाईंनी तोंडात पदर कोंबला. काकूंनी पापडाच्या चटईवर डोकं टेकवलं. त्यांचे खांदे हलताना मी पाहिले, आणि मलाही आवरेना.

पण हसू फार दिवस टिकलं नाही. तंटा वरपर्यंत गेला, आणि मामंजींनी एके दिवशी घरी येऊन आनंदानं सांगितलं की हद्द कायमची ठरवायला इंग्रज साहेब येतोय. एकदा त्यानं खुंट्या मारल्या की तंटा मिटला, शेठजींचा मार्ग मोकळा.

सासूबाईंचा चेहरा उतरला. त्या रात्री त्यांनी जेवण अर्धं टाकलं. आपणच आग लावली आणि आता तिच्यावर शेठजींचीच हंडी शिजणार, असं काहीसं त्या पुटपुटल्या. मला त्यांना धीर द्यावासा वाटला, पण सून सासूला कसा धीर देणार? मी फक्त म्हणाले, "आई, यंदा गहू किती भिजत घालायचे कुरडयांना?"

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. मग म्हणाल्या, "घरात आहेत तेवढे."

साहेब यायच्या आधीच्या दिवसांत दोन्ही पात्यांत जिकडे तिकडे गहू भिजले. आंबूस वास रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सारखा. आमच्या गल्लीतल्या, मागच्या गल्लीतल्या, धाकट्या पातीतल्या, सगळ्या बायकांना कुणी काही सांगितलं नव्हतं, आणि सगळ्यांना सगळं माहीत होतं. ज्या दिवशी साहेब येणार त्या दिवशी उजाडायला आम्ही चिकाची पातेली घेऊन मैदानात. शंभर सोऱ्यांचा तो करकर आवाज! धोतरं, चादरी, चटया, जुनी लुगडी, जे मिळेल ते अंथरलं आणि त्यावर कुरडया, मधल्या जागेत मिरच्या, त्यामधल्या जागेत मुगाच्या वड्या, कडेला गोधड्या. टेकडीच्या पायऱ्यांपासून रस्त्यापर्यंत पाय ठेवायला जागा नाही. हत्तींचे माहूत आले, पाहिलं, आणि हत्ती मागे वळवून घेऊन गेले.

मग साहेब घोड्यावरून आला. बरोबर साखळीवाले, निशाणवाले, एका बाजूला मामंजी, दुसऱ्या बाजूला काका, दोघंही पागोटी बांधून. मागं शेठजी. साहेब मैदानाच्या कडेला उतरला आणि टोपी मागं सरकवून बघत राहिला.

"यह क्या है?"

"वाळवण," मामंजी म्हणाले. त्यांचा आवाज फार बारीक झाला होता.

"हटाओ."

कुणी हललं नाही. ओला चीक हटवायचा म्हणजे काय, हे त्या पुरुषांपैकी निदान दोघांना माहीत होतं. वर्षभर घरात राहायचं होतं त्यांना. साहेबानं मग स्वतःच वाट काढायचं ठरवलं. एक पाऊल गोधडीच्या काठावर, दुसरं दोन चटयांच्या फटीत. तिसरं पाऊल उचललं आणि त्या बुटाखाली माझं लुगडं होतं. माझं धारहून आणलेलं जुनं लुगडं, आणि त्यावर मी पहाटेपासून घातलेल्या कुरडया.

मी काय केलं ते मला नंतरच समजलं. मी ओरडले, "अहो साहेब! पाव उठाव! कुरडई है!"

साहेबानं पाय वर उचलून धरला. दुसरा पाय फटीत, हा हवेत, आणि खाली ठेवायला कुठंच जागा नाही. मामंजींनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. माझा आवाज त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. मला वाटलं धरणी दुभंगावी, पण दुभंगायलाही कुरडयांमधून जागा नव्हती.

साहेब तोल सांभाळायला लागला. डाव्या बाजूनं मामंजींनी हात दिला, उजव्या बाजूनं काकांनी. दोघांच्या खांद्यांवर हात टाकून, एका पायावर उड्या मारीत साहेब रस्त्यावर आला. तिथं पोचल्यावर तो हसायलाच लागला. लाल तोंड आणखी लाल झालं.

"किसका है यह सब?" त्यानं विचारलं.

"दोनों पाती का," सासूबाई म्हणाल्या. त्या केव्हा पुढं आल्या कुणास ठाऊक.

"कौनसा किसका?"

सासूबाईंनी काकूंकडे पाहिलं. काकू म्हणाल्या, "आता काय सांगायचं? चीक माझा, सोऱ्या हिचा, चटई तिची." कुणीतरी ते साहेबाला हिंदीत सांगितलं. तेवढ्यात आमच्या घरून आणि समोरच्या घरून गेल्या वर्षीच्या कुरडया तळून ताटं आली. साहेबानं आधी आमच्या ताटातली उचलली. काकांचा चेहरा पडला. मग त्यांच्या ताटातली उचलली, मामंजींचा पडला. साहेब दोन्ही ताटांतून आलटून पालटून खात सावलीत बसला, आणि दोन्हीकडचे साक्षीदार त्याच्यापुढं येऊन विहिरीचं, चिंचेचं नि बुजलेल्या विहिरीचं सांगून गेले. दुपार झाली. ऊन डोक्यावर आलं. एका वाड्यावर बाराचे ठोके पडले, जरा वेळानं दुसऱ्यावर. साहेबानं खिशातलं घड्याळ काढलं, दोन्हीकडे मान वळवून पाहिलं आणि घड्याळ परत खिशात घातलं.

त्याचा निकाल पावसाळ्याच्या तोंडावर आला. मैदानातून हद्द काढता येत नाही. मैदान दोन्ही पात्यांचं सामाईक राहील. एका पातीनं दुसरीच्या संमतीशिवाय तिथं काही बांधू नये. देवासला राहिलेल्या माणसाला याचा अर्थ सांगायला नको. दोन्ही पात्यांची संमती एकदम मिळालेली गोष्ट मी तरी पाहिली नव्हती.

निकालात एक कलम असंही होतं की कुणी अतिक्रमण करत नाही ना, हे दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांनी मिळून बघत राहावं. म्हणून मामंजी आणि काका सरकारी कामाखातर पुन्हा एकत्र मैदानात जाऊ लागले. सुरुवातीला फक्त "इथं ठीक", "तिथंही ठीक". श्रावण लागला तसा एक दिवस काकांचा हसण्याचा आवाज आमच्या माजघरापर्यंत आला. सासूबाईंनी निवडत असलेले तांदूळ बाजूला ठेवले आणि आत जाऊन देवापुढं साखर ठेवली.

शेठजींनी जीन गावाबाहेर, ओढ्याच्या पलीकडे घातली. दिवाळीत ते मिठाई घेऊन आले आणि मामंजींना म्हणाले, "राव साब, आपने बचा लिया. दो दरबार के बीच में मैं तो पिस जाता." मामंजींनी ते नम्रपणे स्वीकारलं. पुढं ते लोकांना सांगत की मैदान आपण वाचवलं, थोडीफार काकांची मदत झाली. काका रस्त्यापलीकडे उलट सांगत. सासूबाई आणि काकूंनी दोघांनाही कधी काही सांगितलं नाही.

मामंजी मात्र त्यानंतर माझ्याशी बोलू लागले. पाणी हवं असलं तरी सासूबाईंकडून निरोप न धाडता थेट म्हणत, "सूनबाई, पाणी." आणि कुणी पाहुणा आला की, "ही आमची सून, साहेबाला एका पायावर उभं करणारी."

त्याच हिवाळ्यात मी माहेरी धारला गेले. आमच्या घरामागं एका सावकाराची मोठी मोकळी जागा होती. तिथं आम्ही लहानपणी लगोरी खेळलो, तिथंच भोंडल्याचे फेर धरले. गाडीतून उतरून मागच्या दारी गेले तर समोर पत्र्याचं कुंपण, आत विटांचे ढीग, उंच धुराडं अर्ध्यावर बांधलेलं.

"विकली त्यानं जागा," आई म्हणाली. "जीन होतेय."

"कुणी काही म्हणालं नाही?"

"कोण म्हणणार? एकट्याची जागा, एकट्यानं दिली."

मी कुंपणाला हात लावून उभी राहिले. आत कुणी गवंडी गाणं म्हणत होता. भांडायला समोर कुणी नव्हतं. आई आतून हाक मारीत होती, चहा निवतोय म्हणून.

देवासला परतल्यावर मी हे सासूबाईंना सांगितलं. त्या मेथी खुडत होत्या. ऐकून घेतलं, हातातली जुडी खाली ठेवली, आणि दारातून रस्त्यापलीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "समोरच्या काकूंना बोलाव गं जरा. आणि येताना थोडं विरजण आण."